पाच मांजरं, एक पिशवी आणि थोडं गणित

कॅट फूडच्या पिशवीची पुढची बाजू जाहिरातवाला लिहितो, मागची बाजू नियमांच्या धाकाने लिहिली जाते. पुढे चमकता मासा, झेप घेणारं रुबाबदार मांजर आणि ‘प्रीमियम’, ‘नॅचरल’, ‘गुर्मे’ असले शब्द; मागे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत टक्के आणि तोंडात न मावणारी नावं. आमच्या घरात पाच मांजरं आहेत आणि पहिली काही वर्षं मी इमानेइतबारे फक्त पुढची बाजू वाचली. खर्च वाढत गेला. मांजरं होती तशीच राहिली, गुंड्या बोका तेवढा रुंद झाला.

एकच मांजर असलं तर खाद्य निवडणं हा लाडाचा भाग असतो. चार-पाच झाली की तो घरखर्चाचा विषय होतो, आणि मग माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर सगळ्यात स्वस्त पोतं आणून मोकळा होतो, नाहीतर महाग तेच चांगलं असं धरून दर महिन्याला पोटात गोळा आणून घेतो. दोन्हीकडे चूक एकच आहे. आपण पिशवीची किंमत बघतो, मांजर मात्र पिशवी खात नाही, कॅलरी खातं. म्हणून विचारायचं ते हे: एका मांजराचं एका दिवसाचं पोट नीट भरायला या पिशवीतून किती पैसे जातात? याचं उत्तर मागच्या बाजूला असतं. फक्त ते थेट लिहिलेलं नसतं, काढावं लागतं.

त्याआधी ‘नीट भरायला’ म्हणजे काय ते बघू, कारण मांजराचं पोट हे कुत्र्याच्या किंवा माणसाच्या पोटाची लहान आवृत्ती नाही.

मांजराला मांस का लागतंच

कुत्रं शरीरात बरीचशी जुळवाजुळव करून घेतं. मांजराच्या शरीराने ती सवय पिढ्यान्‌पिढ्या शिकार खाऊन सोडून दिली आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते तयारच लागतं. उन्हात बसून आपल्याला ड जीवनसत्त्व मिळतं. मांजर दिवसभर उन्हात लोळलं तरी त्याला पुरेसं मिळत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. अ‍ॅराकिडॉनिक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल आहे, तेही प्राणिज चरबीतून. आर्जिनिन हे अमिनो आम्ल एका जेवणात अजिबात नसेल तर रक्तात अमोनिया साठून मांजर काही तासांत आजारी पडू शकतं. आणि मांजराला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखणाऱ्या जिभेवरच्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक जनुक मांजरात बिघडलेला आहे. तुमच्या आइसक्रीमवर ते तुटून पडतं ते त्यातल्या स्निग्धासाठी.

सगळ्यात महत्त्वाचं नाव टॉरीन या अमिनो आम्लाचं. हे कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडत जातो. १९८७ साली पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की मांजरांमधला एक जीवघेणा हृदयविकार टॉरीनच्या कमतरतेने होतो आणि टॉरीन दिल्यावर सुधारतो. तोवर बाजारातल्या नावाजलेल्या खाद्यांमध्येही ते पुरेसं नसायचं. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि तो आजार दिसेनासा होत गेला. आज अमेरिकी निकषांनुसार कोरड्या खाद्यात पाणी वगळून किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के टॉरीन लागतं.

कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून मांजरांना घालणारे मी पाहिले आहेत. एखाद्या वेळी मांजराने कुत्र्याच्या ताटलीत तोंड घातलं तर काही बिघडत नाही. रोजचं जेवण म्हणून ते चालत नाही, कारण कुत्र्याच्या खाद्यात टॉरीन घालायची सक्ती नसते.

एक वाक्य शोधायचं

पिशवी उलटी केली की टक्क्यांच्याही आधी एक वाक्य शोधायचं: हे खाद्य ‘कम्प्लीट’ म्हणजे संपूर्ण आहे का, आणि कोणत्या वयासाठी. अमेरिकेत ‘आफ्को’ ही पशुखाद्य नियामक अधिकाऱ्यांची संघटना पोषणाचे निकष ठरवते, युरोपात ‘फेडियाफ’ ही उत्पादकांची संघटना. जगभरातल्या पिशव्यांवर बहुधा या दोघींपैकी एकीचं नाव असतं. लक्षात ठेवायचं ते इतकंच की या संघटना कोणत्याही खाद्याला मंजुरी देत नाहीत आणि स्वतः चाचणीही करत नाहीत. ‘आमचं खाद्य त्यांच्या निकषांत बसतं’ असं कंपनी सांगत असते. ते दोन प्रकारे ठरतं: एक तर कागदावर पाककृती जुळवून, नाहीतर मांजरांना प्रत्यक्ष खायला घालून. प्रौढ मांजरांची खाऊ घालण्याची चाचणी किमान ८ मांजरांवर २६ आठवडे चालते. दुसरा प्रकार केलेला असेल तर बरंच, पण नसेल म्हणून खाद्य टाकाऊ ठरत नाही.

‘पूरक’, ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असं लिहिलेलं असेल तर ते तोंडीलावणं समजा. सुंदर पाऊचमधले माशाचे पांढरेशुभ्र तुकडे बऱ्याचदा या वर्गातले असतात. मी दोन महिने तेच मुख्य जेवण समजून घालत होतो, आणि ते घरातलं सगळ्यात महागडं खाद्य होतं.

वयाचं म्हणाल तर पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मांजरीला वाढीचं खाद्य लागतं. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ असं लिहिलेलं खाद्य वाढीच्या निकषांत बसतं, म्हणून ज्या घरात पिल्लं आणि मोठी एकत्र आहेत तिथे ते सगळ्यांना चालतं. प्रौढांचं खाद्य पिल्लांना मात्र पुरत नाही. उलट दिशेची अडचण वेगळी: वाढीच्या खाद्यात कॅलरी दाटीने असतात आणि फॉस्फरसची किमान मर्यादाही जास्त असते, ०.५ ऐवजी ०.८ टक्के. आळशी बोका त्याने फुगतो, आणि मूत्रपिंडं थकलेल्या म्हातारीला ते योग्य नाही.

आता गणित

कागद-पेन्सिल घ्या, पाचवीच्या पुढचं काही लागत नाही.

तीन खाद्यं समोर ठेवू. पहिलं, साधं कोरडं: प्रोटीन ३२ टक्के, स्निग्ध १२, तंतू ४, राख ८, ओलावा १०. दुसरं, जरा महागातलं कोरडं: प्रोटीन ३८, स्निग्ध १८, तंतू ३, राख ७, ओलावा ८. तिसरं, पाऊच: प्रोटीन १०, स्निग्ध ४, तंतू अर्धा, राख २, ओलावा ८०. राख वाचून दचकू नका. खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजं म्हणजे राख. कुणी चुलीतली आणून मिसळलेली नसते. ती पिशवीवर दिलेली नसेल तर कोरड्यात सात-आठ आणि ओल्यात दोन-तीन टक्के धरायची.

हे आकडे बघून पहिल्यांदा काय वाटतं? पाऊचमध्ये जेमतेम १० टक्के प्रोटीन, म्हणजे नुसतं पाणी विकतायत. माझाही असाच समज होता. पण पाणी बाजूला काढून बघा. पाऊचचा १०० पैकी ८० भाग पाणी, उरलेल्या २० मध्ये १० प्रोटीन, म्हणजे ५० टक्के. महागड्या कोरड्यात ९२ मध्ये ३८, म्हणजे ४१. साध्यात ९० मध्ये ३२, म्हणजे साडेपस्तीस. दहा टक्केवालं पाऊच अडतीस टक्केवाल्या पिशवीच्या पुढे निघालं. कोरडं आणि ओलं यांची तुलना पाणी काढल्याशिवाय करायचीच नाही.

आता कॅलरी. त्या पिशवीवर लिहिलेल्या असतील तर उत्तम. नसतील तर आधी कर्बोदकं काढा: सगळ्या टक्क्यांची बेरीज १०० मधून वजा केली की उरतात ती. साध्या खाद्यात ३४, महागड्यात २६, पाऊचमध्ये साडेतीन. मग प्रोटीनला ३.५ ने, स्निग्धाला ८.५ ने आणि कर्बोदकांना ३.५ ने गुणून बेरीज. १०० ग्रॅममागे साध्या खाद्यातून ३३३ किलोकॅलरी येतात, महागड्यातून ३७७, पाऊचमधून ८१. लेबलवर प्रोटीन आणि स्निग्धाचे आकडे ‘किमान’ म्हणून दिलेले असतात, त्यामुळे हे उत्तर अंदाजी आहे. दोन पिशव्या शेजारी ठेवून तोलायला तेवढं पुरतं.

मांजराची गरज किती? चार किलोच्या मांजराला नुसतं जिवंत राहायला दिवसाला २०० च्या आसपास किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या घरकोंबड्या मांजरासाठी त्याच्या १.२ पट, म्हणजे २४० धरतात. पण दिवसाचे सोळा तास सोफ्यावर काढणाऱ्याला त्याहूनही कमी पुरतात. मी मधला आकडा धरतो, २२०.

मग साधं खाद्य रोज ६६ ग्रॅम लागतं आणि महागडं ५८. पाच मांजरांचा महिन्याचा हिशेब केला तर एक दहा किलोच्या जवळ जातं आणि दुसरं पावणेनऊ किलोला संपतं. म्हणजे दुसऱ्या पिशवीचा किलोचा भाव पहिलीपेक्षा तेरा टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी खिशातून जाणारे पैसे सारखेच. त्याहून थोडी जास्त किंमत असेल तर विचार करण्यासारखं आहे. दुप्पट असेल तर तो फरक कुठे जातो ते विचारायला हवं, कारण आणखी एक आकडा बघा: १०० किलोकॅलरींमागे प्रोटीन किती? साध्यात ९.६ ग्रॅम, महागड्यात १०.१. पिशवीवर ३२ आणि ३८ दिसत होते. मांजराच्या पोटात गेल्यावर फरक अर्ध्या ग्रॅमचा. आफ्कोची प्रौढांसाठीची किमान मर्यादा १०० किलोकॅलरींना साडेसहा ग्रॅम आहे, म्हणजे दोन्ही खाद्यं तिच्या बऱ्यापैकी वर आहेत. पाऊच या हिशेबात १२ ग्रॅमच्या पुढे जातं, पण एका मांजराला दिवसाला २७० ग्रॅम पाऊच लागतील. ८५ ग्रॅमची तीन आणि वर थोडं. पाच मांजरांना रोजची सोळा. हे गणित केल्या दिवशी मी पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

एक गोष्ट या आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे पचन. ‘क्रूड प्रोटीन’ हा शब्द नीट वाचा. प्रयोगशाळेत मोजतात तो नायट्रोजन, त्याला ६.२५ ने गुणलं की प्रोटीनचा आकडा मिळतो. तो मांसाचा आहे की पिसांचा, हे यंत्राला कळत नाही. २००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं अचानक निकामी व्हायला लागली तेव्हा याच फटीतून विष आत शिरलं होतं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रोटीनमध्ये, मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरायचं रसायन मिसळलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे चाचणीत प्रोटीन फुगून दिसत होतं. असली भेसळ घरबसल्या पकडता येत नाही. पचन मात्र पकडता येतं: नवीन खाद्यावर तीन-चार आठवडे झाल्यावर लिटर बॉक्स बघा. विष्ठा अचानक जास्त, मऊ आणि घर सोडून जावंसं वाटेल अशा वासाची झाली असेल, तर विकत घेतलेल्यातलं बरंच तिथेच जातंय. पाच मांजरांच्या घरात हा प्रयोग मुद्दाम करावा लागत नाही.

घटकांची यादी आणि नावांचे खेळ

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि ते वजन प्रक्रियेच्या आधीचं. ताज्या चिकनमध्ये साधारण सत्तर टक्के पाणी असतं, म्हणून ते पहिल्या क्रमांकावर दिसतं. पाणी उडाल्यावर त्याचा वाटा बराच आटतो. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी आणि बरीचशी चरबी काढून दळलेलं, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर असूनही ते जास्त प्रोटीन देत असू शकतं. दुसरा खेळ धान्याचा: मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचं पीठ असं तीन ठिकाणी वाटून लिहिलं की प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो आणि मांस वर दिसतं.

‘बाय-प्रॉडक्ट’ या शब्दाने मात्र लोक उगाच घाबरतात. काळीज (यकृत), हृदय, मूत्रपिंड यांना माणसांच्या बाजारात मांसाएवढा भाव नसतो म्हणून ते बाय-प्रॉडक्ट; मांजराच्या दृष्टीने उंदरातला तोच सगळ्यात रुचकर आणि पौष्टिक भाग. ‘ग्रेन-फ्री’चंही तसंच. धान्य काढून वाटाणा आणि बटाटा घातला की पिशवीवर तो शब्द छापता येतो, कर्बोदकं होती तिथेच राहतात. शिजवलेला स्टार्च मांजर बऱ्यापैकी पचवतं. धान्याची अ‍ॅलर्जी असल्याचं पशुवैद्याने सांगितलेलं नसेल तर या शब्दासाठी मी जादा पैसे मोजणार नाही.

नावांबाबत अमेरिकेतले नियम माहीत असले तर करमणूक होते. डब्यावर नुसतं ‘ट्यूना’ असेल तर पाणी सोडून ९५ टक्के ट्यूना हवा. ‘ट्यूना डिनर’ असेल तर २५ टक्के पुरतो. ‘विथ ट्यूना’ म्हटलं की ३ टक्के. आणि ‘ट्यूना फ्लेवर’ असेल तर मांजराला चव कळली म्हणजे झालं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! ‘प्रीमियम’, ‘सुपर प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ या शब्दांना तर पोषणाच्या निकषांत काही अर्थच नाही.

मी कंपनीबद्दल दोनच गोष्टी बघतो. पाककृती बनवणारा प्राणिपोषणाचा शिकलेला माणूस त्यांच्याकडे आहे का, आणि पिशवीवरच्या नंबरवर फोन केला तर फॉस्फरस किती, कॅलरी किती, याचं सरळ उत्तर मिळतं का. उत्तराऐवजी कविता ऐकू आली तर पिशवी परत कपाटात.

एका छपराखाली पाच ताटल्या

खाद्य निवडून झालं तरी निम्मं काम उरतं. बरीच वर्षं आमच्याकडे एक मोठं भांडं होतं, सकाळी भरायचं, ज्याला हवं तेव्हा खावं. दिसायला किती सोयीचं! गुंड्या सहा किलोच्या वर गेला आणि ठकी वाळत गेली, आणि आम्ही म्हणत राहिलो की ठकीचं वय झालंय. एकदा मी भांड्यासमोरच्या खोलीत वाचत बसलो होतो. ठकी आली, दोन दाणे उचलले. गुंड्या दारात येऊन बसला. गुरगुरला नाही, पंजा उचलला नाही, नुसता बसला. ठकी भांड्याकडे पाठ करून निघून गेली, आणि गुंड्या शांतपणे खायला लागला. घरात भांडण एकही नव्हतं. दादागिरी मात्र रोज चालू होती.

मांजर एकटं शिकार करणारा आणि एकटं खाणारा प्राणी आहे. शेजारी शेजारी ताटल्या मांडून पंगत बसवणं ही माणसाची हौस. ताटल्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा ठेवल्या, एक खाली, एक टेबलावर, एक दाराआड, की घाईघाईने गिळणं आणि मग गालिच्यावर ओकणं बरंच कमी होतं.

आता आमच्याकडे सकाळी वजनकाटा बाहेर निघतो. वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, दाणे टाकायचे. मनी, चिंगी, बंड्या यांना कोरडं पन्नास-पन्नास ग्रॅम आणि अर्धं पाऊच, दोन वेळांत मिळून. गुंड्याला चाळीस, पशुवैद्याला विचारून ठरवलेले. ठकीच्या मूत्रपिंडांचं निदान झाल्यापासून तिचं खाद्य वेगळं, कमी फॉस्फरसचं. ती न्हाणीघरात दार लावून निवांत जेवते. वीस मिनिटांनी सगळ्या वाट्या उचलायच्या. आधी मी कपाने मोजायचो. भरलेल्या कपाची टोपी थोडी वर-खाली झाली की पाच ग्रॅमचा फरक सहज पडतो, म्हणजे १९ किलोकॅलरी, एका मांजराच्या गरजेच्या आठ-नऊ टक्के. तोही रोज. वजनकाटा ही या घरातली सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी वस्तू ठरली. महागडं औषधी खाद्य आता एकटी ठकी खाते, पाच जण नव्हे.

मांजर योग्य अंगाचं आहे की नाही, हे हाताने कळतं. बरगड्यांवरून बोटं फिरवा: दाबल्याशिवाय लागल्या पण दिसल्या नाहीत, तर ठीक. शोधाव्या लागल्या तर वाटी कमी करा. पण जाड्या मांजराची उपासमार कधीही करू नका. दोन-तीन दिवस खाणं बंद झालं की त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. ‘भूक लागली की खाईल झक मारत’ हे मांजराच्या बाबतीत खरं नाही.

ओलं की कोरडं

आपल्या ऐपतीत बसेल तेवढं ओलं, बाकीचं कोरडं, असं माझं मत आहे. मांजराला तहान कमी लागते, आणि उंदरात जेवढं पाणी असतं तेवढं ते अन्नातूनच मिळेल असं त्याचं शरीर धरून चालतं. ओल्या खाद्याने लघवी पातळ राहते आणि मुतखड्यांचा त्रास असलेल्यांना त्याचा फायदा होतो. ज्याला पूर्वी असा त्रास झालाय त्या बोक्याला पाऊच आधी, बाकीच्यांना उरलं तर. कोरड्यावर वाढलेली लाखो मांजरं म्हातारी होऊन मरतात, तेव्हा सोळा पाऊच परवडत नाहीत म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पाण्याची भांडी वाढवा, खाण्यापासून दूर ठेवा. पाऊचमध्ये दोन चमचे कोमट पाणी कालवलं तर बहुतेक मांजरं तक्रार करत नाहीत. आणि बोका लिटरमध्ये बसून जोर करतोय पण थेंब येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा.

घरी शिजवून किंवा कच्चं मांस घालून पैसे वाचतील असं वाटतं. नुसतं मांस म्हणजे कॅल्शियम नाही, शिजवताना टॉरीन पाण्यात निघून जातं, आणि रोज काळीज घातलं तर अ जीवनसत्त्व अति होऊन मणक्यांची हाडं जोडली जातात. प्राणिपोषण तज्ज्ञाने लिहून दिलेली पाककृती आणि पूरक पावडर यांचा खर्च धरला की बचत कुठल्या कुठे जाते. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. अलीकडे बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूने कच्चं खाद्य खाल्लेली मांजरं दगावली आहेत. मी त्या वाटेला जात नाही.

पोतं आणण्याआधी

मोठं पोतं किलोमागे स्वस्त पडतं आणि पाच मांजरं ते संपवतातही. पण आधी सगळ्यात लहान पिशवी आणा. माझ्या अडगळीच्या खोलीत एकदा सात किलोचं पोतं चार महिने पडून होतं, कारण मनीने पहिल्या दिवशी वास घेतला आणि वाटीवर माती लोटल्यासारखा पंजा चालवला. न खाल्लेलं खाद्य हे जगातलं सगळ्यात महाग खाद्य. नवीन खाद्य सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत वाढवा. खाऊचे तुकडे दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागात बसवा, म्हणजे बावीस किलोकॅलरी. पाच जणांचे लाड पाच पटीने होतात, हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना एकदा बसवून सांगावं लागतं.

उघडलेलं पोतं महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच घ्या, कारण दाण्यांवरच्या चरबीला हवा लागली की ती खवट होते. खवटपणा आपल्या नाकाला कळायच्या आधी मांजराला कळतो. उघडलेला डबा झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, वाटीतलं ओलं खाद्य तासा-दोन तासांत उचलायचं. दाणे डब्यात ओतू नका, अख्खी पिशवीच घट्ट झाकणाच्या डब्यात उतरवा. एक तर जुन्या दाण्यांचं तेल डब्याच्या तळाशी राहून नव्यांना खवट करतं. दुसरं म्हणजे पिशवीवर बॅच नंबर असतो. एखादा साठा परत बोलावला जातो तेव्हा कंपनी तोच नंबर विचारते. मी पिशवीचा तो कोपरा कापून फ्रीजच्या दारावर लावतो, खाली पिशवी उघडल्याची तारीख लिहितो, आणि पुढची पिशवी अर्ध्यावर आली की मागचा तुकडा काढून टाकतो.